‘बारा वर्षं झाली, जमीन माझी’ म्हणणाऱ्याला कोणत्या कोर्टात उत्तर द्यायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हंजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. हिंगणा तालुक्यात तीन एकर शेत, सातबारा वडिलांच्या नावानं होता, आता तुमच्या आणि भावाच्या नावावर. वडिलांनी २००४ ला गावातल्याच एका माणसाला ते बटईनं, म्हंजे पिकाच्या अर्ध्या हिश्श्यावर, दिलं, सगळं तोंडी, कागद नाही. २०१६ ला वडील वारले आणि तेव्हापासून त्यानं अर्धा हिस्सा देणं बंद केलं, आता तो म्हणून राहिला की एवढी वर्षं मीच वाहतो, जमीन माझी झाली. दुसरं, मानेवाड्याकडचा वडिलांचा प्लॉट, त्यावर दोन खोल्या, तिथं चुलतभावाला "राहा आणि लक्ष ठेव" म्हणून ठेवलं होतं, तोही उठत नाही. एक जण तुम्हाला म्हणतो तहसीलदाराकडे जा, दुसरा म्हणतो दिवाणी दावा, तिसरा म्हणतो स्मॉल कॉज, म्हंजे लघुवाद न्यायालय. आणि तुम्ही पुण्यात राहता तर दावा पुण्यातून टाकता येतो का.

शेवटचं आधी. नाही येत. जमिनीचा ताबा मागायचा दावा जमीन जिथं आहे तिथंच, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १६. दोन्ही मालमत्ता नागपूर जिल्ह्यातल्या, तेव्हा काम इथंच चालणार. भावाच्या नावानं मुखत्यारपत्र करून ठेवा, पण साक्ष तुमची लागलीच तर यावं लागेल, कारण जे तुम्हाला स्वतःला माहीत आहे ते मुखत्यार तुमच्या जागी सांगू शकत नाही.

आता मुख्य गोष्ट. माझ्याकडे येणारे बहुतेक पक्षकार बारा वर्षं मोजत येतात. मालकही तेच मोजतो, कब्जेदारही तेच मोजतो. मी पहिले विचारतो की हा माणूस आत आला कसा. भाड्यानं आला, बटईनं आला, नात्यानं राहिला, इसारचिठ्ठी (खरेदीचा आधीचा करार) करून आला, की कुंपण तोडून घुसला? कारण बारा वर्षांचं घड्याळ सुरू झालं की नाही हेही त्यावर ठरते आणि दावा कोणत्या कोर्टात टाकायचा हेही त्यावरच ठरते. हे नीट ठरवल्याशिवाय दावा टाकला तर पाच-सात वर्षांनी कळते की चुकीच्या दारात उभे होतो.

कायदा असा आहे. मुदत कायदा १९६३, अनुच्छेद ६५, मालकीच्या आधारावर ताबा मागायचा असेल तर १२ वर्षं, पण ती मोजायची कधीपासून, तर समोरच्याचा ताबा मालकाच्या विरोधात झाला त्या दिवसापासून. तो आत आला त्या दिवसापासून नाही. १९०८ च्या जुन्या कायद्यात मालकाचा ताबा गेला असं प्रकरण असलं की गेल्या बारा वर्षांत ताबा आपला होता हे मालकालाच सिद्ध करावं लागायचं. १९६३ पासून ते बदललं, तुम्ही मालकी दाखवली की पुढचा सगळा भार प्रतिकूल ताबा, म्हंजे मालकाच्या विरोधात बारा वर्षं उघड ताबा ठेवून जमीन माझी झाली असं, सांगणाऱ्यावर. आणि तो भार हलका नाही. कर्नाटक बोर्ड ऑफ वक्फ विरुद्ध भारत सरकार या २००४ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की ताबा कोणत्या तारखेला सुरू झाला, तो कसल्या स्वरूपाचा होता, मालकाला ते माहीत होतं का, किती वर्षं चालला आणि उघड, बिनरोक होता का, हे सगळं सांगावं लागते आणि पुराव्यानं दाखवावं लागते. "पूर्वीपासून आहे" एवढ्यावर भागत नाही.

तुमच्या शेताला हे लावून बघा. बटईनं आलेला माणूस परवानगीनं आलेला. दरवर्षी कापूस-तुरीचा अर्धा हिस्सा वडिलांना देत होता म्हंजे मालक कोण हे तो दरवर्षी कबूल करत होता. २००४ ते २०१६ ही वर्षं त्याच्या खात्यात धरताच येत नाहीत. २०१६ नंतर हिस्सा बंद केला, पण नुसतं देणं बंद केलं म्हंजे ताबा विरोधी झाला असंही नाही, मी मालक आहे, तुमचा काही संबंध नाही, असं त्यानं तुम्हाला कळेल अशा उघड रीतीनं म्हटलेलं लागते. तरी समजा कोर्टानं त्याच्या सगळ्यात सोयीची तारीख धरली, २०१६, तर बारा वर्षं २०२८ ला भरतात. म्हणून थांबू नका. आणि हे नीट लक्षात घ्या, नोटीस पाठवली म्हणून घड्याळ थांबत नाही, पोलिसात अर्ज दिला म्हणूनही थांबत नाही. दावा दाखल झाला की थांबते. वर्षानुवर्षं नोटिसाच पाठवत बसलेले मालक मी पाहिले आहेत, आणि मुदत कायद्याचं कलम २७ असं आहे की मुदत संपली तर नुसता दावा जात नाही, मालकीचा हक्कच संपतो.

आता विदर्भातला खरा पेच. तुम्ही दाव्यात "बटईनं दिली होती" असं लिहिलं की प्रतिकूल ताब्याचा त्याचा मुद्दा मोडतो, पण तोच शब्द पकडून त्याचा वकील म्हणेल की मग मी कूळ. आपल्याकडे महाराष्ट्र (पूर्वीचं नाव मुंबई) कुळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ प्रदेश) अधिनियम १९५८ लागू आहे, पश्चिम महाराष्ट्राचा १९४८ चा कायदा नाही, त्यामुळे पुण्याच्या वकिलानं कलम ८५ आणि ८५-अ सांगितलं असेल तर इथं ते १२४ आणि १२५ आहे. तिकडे कृषक दिन, म्हंजे कूळ ज्या दिवसापासून मालक धरलं जाते तो दिवस, १ एप्रिल १९५७, इकडे १ एप्रिल १९६१. या कायद्यात दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे वाहणारा माणूस कूळ मानला जाऊ शकतो, त्यातून मालकाच्या घरातला माणूस, मजुरीवरचा गडी आणि ताबा गहाणदार वगळले आहेत. सालदार (वर्षाच्या बोलीवरचा गडी) असेल, पैशात किंवा धान्यात मजुरी घेत असेल तर तो कूळ नाही, पण पिकाच्या हिश्श्यावर वाहणारा ही वेगळी गोष्ट आहे. आणि हा माणूस कूळ आहे की नाही हे दिवाणी कोर्ट ठरवू शकत नाही, कलम १२४ नं तो अधिकार काढून घेतला आहे. दाव्यात तो मुद्दा निघाला की कोर्ट कलम १२५ खाली तेवढा मुद्दा तहसीलदाराकडे पाठवते, दावा तोवर थांबतो, तहसीलदाराच्या निकालावर एसडीओकडे (उपविभागीय अधिकारी) अपील, वर महसूल न्यायाधिकरण, हे सगळं होऊन उत्तर परत आलं की मग दिवाणी कोर्ट पुढं जाते.

म्हणून काही जण सल्ला देतात की बटईचं नावच काढू नका, सरळ लिहा की घुसला आहे. असं करू नका. एक तर ते खोटं आहे आणि शपथेवर लिहायचं आहे. दुसरं, तुम्ही त्याला २००४ पासूनचा घुसखोर म्हटलं की बारा वर्षं तुम्हीच त्याच्या हातात दिली! खरं ते लिहा, पण पूर्ण लिहा: किती हिस्सा, बी-खत कोणाचं, पेरणी काय करायची हे कोण ठरवत होतं, करार साला-सालाचा होता का, सातबाऱ्यावर लागवड कोणाच्या नावानं लागत होती. गाव नमुना १२ म्हंजे पीक पाहणीचे २००४ पासूनचे उतारे पटवाऱ्याकडून आणि तहसीलच्या रेकॉर्डमधून काढा. तिथं "खुद्द" लागलेलं असेल तर तुमच्या बाजूनं, त्याचं नाव लागलेलं असेल तर बघावं लागेल की कशाच्या आधारावर लागलं, कारण मालकाऐवजी दुसरा वाहत असेल तर पटवाऱ्यानं नमुना १४ भरून तहसीलदाराकडे पाठवायचं असते आणि चौकशी व्हायची असते, पटवाऱ्यानं आपल्या मनानं नाव चढवायचं नसते. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून फोटो टाकतो, ते कोणी टाकले तेही बघा.

आणि तुमच्या बाजूची सगळ्यात मोठी गोष्ट ही की तो दोन्ही एकदम म्हणू शकत नाही. कूळ म्हणायचं तर मालक तुम्ही, प्रतिकूल ताबा म्हणायचा तर मालक माहीत असून त्याला झुगारलं पाहिजे. मोहनलाल विरुद्ध मिर्झा अब्दुल गफ्फार, १९९६, यात खरेदीच्या करारावर ताबा घेतलेला माणूस प्रतिकूल ताबाही सांगत होता, सुप्रीम कोर्टानं म्हटलं की हे दोन एकमेकांच्या विरोधात आहेत, पहिलं सोडल्याशिवाय दुसरं सुरूच होत नाही. इकडं इसारचिठ्ठीवर ताबा घेऊन बसलेले पुष्कळ आहेत, त्यांनाही हेच लागू. कुळाचा मुद्दाही नुसता एका ओळीत लिहून चालत नाही, कधीपासून, कोणाकडून, काय खंड किंवा हिस्सा, हे तपशील जबाबात नसतील तर मुद्दा काढण्याला आणि तहसीलदाराकडे पाठवण्याला तुमच्या वकिलानं तिथंच हरकत घ्यायची.

बरं, "तहसीलदाराकडे जा" म्हणणाऱ्यानं कदाचित अतिक्रमणाचा अर्ज सुचवला असेल. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ५० आणि ५३ सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणासाठी आहे. खाजगी शेतावरचा कब्जा काढायला तहसीलदार त्याखाली काही करू शकत नाही, अर्ज मात्र घेतला जातो आणि फाइल फिरत राहते. मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली खाजगी जमिनीचा ताबा परत मिळतो, पण ताबा गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत आलं तरच. स्पेसिफिक रिलीफ कायद्याचं कलम ६ पण सहा महिन्यांचंच, त्यात मालकी पाहतच नाहीत, फक्त ताबा कोणाचा होता आणि बेकायदा काढला का एवढंच. तुमच्या केसमध्ये हे दोन्ही गेलेले. पण एक गोष्ट याच्यावरून शिका, पेरणीच्या दिवशी चार माणसं आणि ट्रॅक्टर घेऊन शेतात उतरू नका. तो बेकायदा असला तरी स्थिरावलेला ताबा आहे, रामे गौडा प्रकरणात २००३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अशा माणसाला मालकसुद्धा कायद्याच्या मार्गानंच काढू शकतो. तुम्ही जबरीनं काढलं तर कलम ६ खाली तोच तुमच्यावर जिंकेल, आणि त्या हुकुमावर अपील नसते.

म्हणजे शेताचं उत्तर: दिवाणी कोर्टात मालकीच्या आधारावर ताब्याचा दावा, सोबत नुकसानभरपाई म्हणून मधल्या वर्षांच्या उत्पन्नाची मागणी, आणि दावा चालू असताना त्यानं कोणाला विकू नये, बांधकाम करू नये म्हणून मनाई. ज्युनिअर डिव्हिजन की सीनिअर ते मूल्यांकनावर. आणि नुसता मनाईचा दावा टाकू नका, ताबा त्याच्याकडे असताना नुसती मनाई मागितली तर दावा टिकत नाही, अनाथुला सुधाकर हा २००८ चा निकाल सगळ्या कोर्टांत याचसाठी दाखवला जातो.

आता प्लॉट. इथं वाट पूर्ण वेगळी. चुलतभावाला राहायला दिलं, भाडं नाही, म्हंजे तो फुकटचा लायसेन्सी, नुसत्या परवानगीनं राहणारा. नागपूरला स्मॉल कॉज कोर्ट आहे, आणि प्रांतिक लघुवाद न्यायालय अधिनियमात महाराष्ट्रानं घातलेल्या कलम २६ प्रमाणे घरमालक-भाडेकरू आणि लायसेन्स देणारा-लायसेन्सी यांच्यातला ताब्याचा दावा त्याच कोर्टात, मालमत्तेची किंमत कितीही असो. पैसे न घेता ठेवलेला माणूस यात येतो का यावर बरीच वर्षं वाद होता, मुंबईच्या सारख्याच कलमावर २०१३ ला सुप्रीम कोर्टानं प्रभुदास कोटेचा प्रकरणात सांगितलं की येतो. तेव्हा तुमचा तिसरा सल्लागार प्लॉटच्या बाबतीत बरोबर आहे. आधी लायसेन्स रद्द केल्याची लेखी नोटीस द्या, मग दावा.

तो म्हणेल मी लायसेन्सी नाहीच, मालक आहे. म्हणू द्या. कोर्टाचा अधिकार मुळात तुमच्या दाव्यातल्या कथनावरून ठरतो, त्याच्या जबाबावरून नाही. शिवाय ज्यानं राहायला दिलं त्याची मालकी त्या वेळी नव्हती असं म्हणायला कायद्यानं त्याला मनाई आहे, पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ११६, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १२२. राखण करायला, लक्ष ठेवायला ठेवलेल्या माणसाला कितीही वर्षं राहिला तरी हक्क येत नाही, हे २०१२ च्या मारिया मार्गारिडा निकालात फार स्पष्ट आहे, तो मूळ वाद बहीण-भावातलाच होता, गोव्याचा.

पण दोन गोष्टी मला तुमच्याकडून कळल्या पाहिजेत. प्लॉट वडिलांनी स्वतः घेतला की आजोबांचा? आजोबांचा असेल तर चुलतभाऊ सहहिस्सेदार निघू शकतो, मग हा लायसेन्सचा दावा नाही, वाटणीचा दावा, दिवाणी कोर्ट. (सहहिस्सेदारांमध्ये एकाचा ताबा सगळ्यांचा ताबा धरतात, दुसऱ्यांना उघडपणे बाहेर काढल्याचं दाखवल्याशिवाय प्रतिकूल ताबा होत नाही, हा मात्र तुम्हाला दोन्हीकडून फायदा.) दुसरं, त्या दोन खोल्या बांधल्या कोणी, पैसे कोणाचे? भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२, कलम ६०, लायसेन्सीनं परवानगीच्या आधारावर स्वतःच्या खर्चानं कायम स्वरूपाचं बांधकाम केलं असेल तर लायसेन्स रद्दच करता येत नाही असं म्हणायला त्याला जागा मिळते. वडिलांनी बांधल्या असतील तर मिस्त्रीच्या पावत्या, सिमेंट-लोहाची बिलं, बँकेचे उतारे, जे सापडेल ते काढा.

इथं एक अनुभव सांगतो. अशाच एका प्लॉटच्या कामात समोरचा माणूस जबाबात लिहून बसला की १९९९ पासून मालक म्हणून राहतो, कोणाची परवानगी घेतली नाही. आम्ही वीज मीटरची मूळ फाइल कोर्टामार्फत मागवली. त्यात त्याचा स्वतःचा अर्ज, मालकाच्या रकान्यात आमच्या पक्षकाराचं नाव, आणि सोबत जोडलेलं ना हरकत पत्र, की माझ्या घरात हे राहतात, त्यांच्या नावानं मीटर द्यायला हरकत नाही. उलटतपासणीत तो कागद त्याच्या हातात दिला, सही तुमचीच का विचारलं, तो हो म्हणाला. पुढं फार काही विचारायची गरजच पडली नाही. म्हणून सांगतो, मीटरचा अर्ज, नळाचा अर्ज, घरटॅक्स कोणाच्या नावानं येतो आणि भोगवटदार म्हणून कोण लिहिलं आहे, रेशन कार्डवरचा पत्ता कोणाच्या संमतीनं चढला, हे आधी शोधा. मालकी सांगणारे लोक जबाब विचार करून लिहितात, पण दहा वर्षांपूर्वी मीटर घेताना खरं लिहिलेलं असते.

प्लॉटबद्दल अजून एक, ती वस्ती घोषित झोपडपट्टी आहे का तपासा. असेल तर १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याच्या कलम २२ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय निष्कासनाचा दावा टाकताच येत नाही, नागपुरात यावर दावे गेलेले आहेत. आणि ले-आऊट ५७२ किंवा १९०० मधला (नागपुरातल्या अनधिकृत ले-आऊटच्या याद्या) असेल, तर नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यास) आरएल, म्हंजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, कोणाच्या नावानं निघालं, डिमांड, म्हंजे त्यासाठी मागितलेली रक्कम, कोणी भरली, हेही बघा. चुलतभावानं आपल्या नावानं डिमांड भरून ठेवली असेल तर ती मालकी नाही, पण उत्तर तयार ठेवावं लागेल.

लोक विचारतात की प्रतिकूल ताबा सांगून तो स्वतःच दावा टाकू शकतो का. २०१३ च्या एका निकालानं असं ठरलं होतं की ही फक्त बचावाची ढाल आहे. ७ ऑगस्ट २०१९ ला रविंदर कौर ग्रेवाल प्रकरणात तीन न्यायाधीशांनी ते फिरवलं, आता बारा वर्षं पूर्ण झालेला माणूस वादी म्हणूनही मालकी जाहीर करून मागू शकतो. तेव्हा समन्स आलं तर दुर्लक्ष करू नका, हजर न राहिल्यामुळं एकतर्फी हुकूम झाला तर तो मोडायलाच वर्षं जातात. त्याच निकालात सार्वजनिक उपयोगाच्या जमिनीवर असा हक्क मिळू नये असंही म्हटलं आहे. सरकारच्या विरोधात तर मुदतच ३० वर्षांची, अनुच्छेद ११२, त्यामुळं नझूल (शहरातली सरकारी जमीन), पांधण (शेतरस्ता), गावठाणाच्या जागेवर बसून बारा वर्षं मोजणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही. मात्र सरकारलाही एक मर्यादा आहे, जागेच्या मालकीबद्दल खरा वाद असेल तर नोटीस देऊन झटपट काढता येत नाही, दिवाणी कोर्टात यावं लागते, थुम्माला कृष्णराव, १९८२. रामटेक, पारशिवनीकडची आदिवासींची जमीन असेल तर बिगर आदिवासीनं प्रतिकूल ताब्याची भाषाच करू नये, सुप्रीम कोर्टानं २००३ ला ओडिशाच्या प्रकरणात तो रस्ता बंद केला आहे.

चुकीच्या कोर्टात दावा टाकून बसलेल्यांसाठी दोन शब्द, कारण असेही बरेच आहेत. कोर्टाच्या हद्दीबद्दलची किंवा दाव्याच्या रकमेबद्दलची हरकत वेळेवर घेतली नाही तर जाते, पण ज्या विषयाचा अधिकारच कोर्टाला नाही तिथं दोन्ही बाजू राजी असल्या तरी अधिकार येत नाही, किरण सिंग विरुद्ध चमन पासवान, १९५४, असा हुकूम वसुलीच्या वेळीसुद्धा उडतो. कळलं की लगेच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ७ नियम १० खाली दावा परत घ्या आणि योग्य कोर्टात टाका. तिथं गेलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम १४ प्रमाणे वजा मिळतो, पण प्रामाणिकपणे आणि काळजीनं तो दावा चालवत होता हे दाखवावं लागते, हरकत येऊनही दोन वर्षं तारखा घेत बसलेल्याला ते दाखवता येत नाही.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. प्लॉटचं खरेदीखत आणि आखीव पत्रिका (शहरी जागेचा भूमापन उतारा), मीटरची फाइल, मग नोटीस, मग स्मॉल कॉज. शेताचे २००४ पासूनचे पीक पाहणीचे उतारे, वडिलांची वही असेल तर ती, कापूस विकल्याच्या पट्ट्या, आणि हिस्सा वडिलांच्या घरी येताना पाहिलेला गावातला कोणी वयस्कर माणूस. तो साक्षीला तयार असेल तर दावा लांबवू नका, लवकर टाका, आणि त्याच्या वयाचं कारण देऊन त्याची साक्ष कमिशनवर, म्हंजे कोर्टानं नेमलेल्या माणसासमोर, आधी घ्या असा अर्ज पहिल्या तारखांमध्येच द्या.